फॉलोअर जमले, आता बोलायचं कसं? नव्या पेजवाल्यांसाठी मार्गदर्शक

पेज उघडायला दहा मिनिटं लागतात आणि ते कसं उघडायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. खरी पंचाईत पुढे होते. पोस्टखाली एखादा अनोळखी माणूस प्रश्न विचारतो, दुसरा खोट काढतो, तिसरा इनबॉक्समध्ये नुसतं ‘हाय’ टाकून गप्प बसतो, आणि या तिघांचं काय करायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग बरेच जण सोपा मार्ग धरतात: पोस्ट टाकायची, लाइक मोजायचे, कमेंट वाचायच्याच नाहीत. दारात आलेल्या पाहुण्याकडे पाठ फिरवून रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत बसावं, तसं हे होतं.

मी हौशी आकाशनिरीक्षकांचं एक पेज सांभाळते, म्हणून खालची उदाहरणं ग्रहताऱ्यांची आहेत. तुमचं पेज कवितांचं असेल, विणकामाचं असेल किंवा छोट्या व्यवसायाचं, पायऱ्या त्याच. पोस्ट टाकणं हे निम्मं काम आहे, उरलेलं निम्मं त्या पोस्टच्या खाली करायचं असतं, असं माझं ठाम मत आहे. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- पेजसाठी वेगळा ईमेल, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवलेले. पेज हॅक झालं की सगळ्यात आधी फॉलोअरांनाच फसवे मेसेज जातात.
- बायो, म्हणजे पेजच्या नावाखालची छोटी ओळख. इन्स्टाग्रामवर त्याला १५० अक्षरांची मर्यादा आहे. सुविचार टाकण्याऐवजी तिथे पेज कशाचं आहे आणि उत्तर साधारण कधी मिळतं, एवढं लिहा.
- चार-पाच ओळींचे नियम, पोस्ट करून वर पिन केलेले. कुठली कमेंट काढली जाईल हे आधीच लिहिलेलं असलं की नंतरचे वाद निम्म्याने कमी होतात.
- नको असलेल्या शब्दांची यादी. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि युट्यूब या तिन्ही ठिकाणी ती सेटिंगमध्ये भरता येते. देवनागरीबरोबर रोमन लिपीतली रूपंही भरा, कारण आपल्याकडे एकच शिवी चार स्पेलिंगांनी लिहिली जाते.
- वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं लिहिलेली एक नोट.
- स्क्रीनशॉटसाठी वेगळा फोल्डर. आज निरुपयोगी वाटेल, पण पाचव्या पायरीत तो लागणार आहे.

१. आधी वाचा, मग बोला

इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक जुनी नियमावली आहे. इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली ही नियमावली ऑक्टोबर १९९५मध्ये ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने निघाली (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीच्या दस्तऐवजांची मालिका). त्या काळच्या चर्चागटांत नव्याने येणाऱ्याला तिने दिलेला सल्ला असा, की काहीही लिहिण्याआधी एक-दोन महिने नुसतं वाचा. आज एवढी कळ कोण काढणार? पण पंधरा दिवस तरी काढा. तुमच्या विषयाची पाच-सहा चांगली पेजेस निवडा आणि त्यांच्या पोस्टपेक्षा खालच्या कमेंट वाचा. उत्तरं कोण देतं, थट्टा कुठपर्यंत चालते, कुठला विषय निघाला की हमखास जुंपते, हे तिथे दिसेल. सगळं कॅपिटल अक्षरांत लिहिणं म्हणजे ओरडणं, हेही त्याच नियमावलीत आहे. देवनागरीत कॅपिटल नसल्यामुळे आपण ते काम उद्गारचिन्हांवर भागवतो. एका वाक्याला एक पुरे.

२. पोस्ट टाकून पळू नका

ज्या वेळी पुढचा अर्धा तास मोकळा असेल त्याच वेळी पोस्ट टाका. पहिल्या चार-पाच कमेंटना नीट उत्तर मिळालं की पुढच्या कमेंटही त्याच सुरात येतात. पहिलाच टोमणा तासभर अनुत्तरित राहिला, तर पुढचे लोक त्याच्याच मागे रांग लावतात.

आधीच शेड्यूल करून ठेवलेल्या पोस्टवर लक्ष ठेवा. सगळीकडे एखाद्या अपघाताची बातमी फिरत असताना तुमच्या पेजवरून ठरल्या वेळी चुटकुला बाहेर पडला, तर तो मशीनने टाकलाय हे कुणीही समजून घेत नाही. मोठी दुर्घटना कानावर आली की सगळ्यात आधी शेड्यूल उघडून पुढच्या पोस्ट थांबवा.

एकच मजकूर सगळीकडे तसाच्या तसा डकवणं हा आळस लोकांच्या लगेच लक्षात येतो. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधल्या लिंकवर क्लिक होत नाही, तरीही ‘खालच्या लिंकवर जा’ असं लिहिलेलं तिथे रोज दिसतं. एक्सवर, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरवर, मोफत खात्याला २८० अक्षरं मिळतात (२०१७पर्यंत ती १४०च होती), तिथे फेसबुकचा परिच्छेद अर्ध्यावर तुटतो.

आणखी तीन सापळे इथेच सांगून टाकते. ‘आवडलं तर लाइक, नाही तर हार्ट, पाच मित्रांना टॅग करा’ ही युक्ती जुनी झाली. अशा पोस्टचा रीच (ती किती जणांपर्यंत पोचते ते) आपण कमी करू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७मध्येच जाहीर केलं होतं. दुसरं, विषयाशी संबंध नसलेल्या चाळीस जणांना टॅग करू नका. तो त्यांच्या दृष्टीने निव्वळ उपद्रव आहे. तिसरं, नव्या फॉलोअरला आपोआप जाणारा ‘धन्यवाद, आमचं हेही पाहा’ छापाचा डीएम (खासगी मेसेज) बंद ठेवा. ओळख होण्याआधीच तुम्ही काहीतरी गळ्यात मारायला निघालात, एवढंच त्यातून कळतं.

३. उत्तर कसं द्यायचं

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या.

चंद्राशेजारी एक ठळक ठिपका असलेला फोटो आम्ही टाकतो. खाली कुणीतरी विचारतं, “हा शुक्र आहे का?” याला तीन प्रकारे उत्तर देता येतं. एक, अंगठा दाखवणारा इमोजी. त्यातून हो की नाही तेही कळत नाही. दोन, “नाही, गुरू आहे.” बरोबर आहे, पण बोलणं तिथेच संपलं. तीन, “नाही, हा गुरू. फोटो मध्यरात्रीचा आहे आणि शुक्र मध्यरात्री डोक्यावर कधीच नसतो. तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. तुम्ही किती वाजता पाहिलात?” तिसऱ्या उत्तराला दोन मिनिटं जास्त लागतात. विचारणाऱ्याला कारण कळतं, त्याच्या प्रश्नाची किंमत ठेवली जाते आणि पुढचं वाक्य बोलायला त्याला जागा मिळते.

हे उत्तर त्या एकट्यासाठी नसतंच. वेबसाइट वापरायला सोप्या कशा करायच्या याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६मध्ये ऑनलाइन गटांबद्दल एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि उरलेला एकच सतत लिहीत असतो. हे प्रमाण काटेकोर नाही, पण पेज सांभाळणाऱ्याला पटण्यासारखं आहे. तुम्ही एकाला तुसडेपणाने बोललात तर न बोलणारे नव्वद ते बघत असतात, आणि मनात आलेला प्रश्न तिथेच गिळून टाकतात.

बाकी बारीकसारीक गोष्टी:

अनोळखी माणसाला सरसकट ‘तुम्ही’ म्हणा. प्रोफाइल फोटोवरून वय ओळखायला जाऊ नका. बाळाचा फोटो आजोबांनी लावलेला असतो. समोरचा ‘अरे’ वर आला तरी पेजने ‘अरे’ वर उतरायची गरज नाही. ‘ताई’, ‘दादा’ आपलेपणाने चालतं. पण समोरची व्यक्ती बाई की पुरुष हे नावावरून कळत नसेल, तर नुसतं नाव आणि ‘तुम्ही’ यावर काम भागतं.

सगळ्यांना एकच ‘मनःपूर्वक धन्यवाद’ डकवत सुटू नका. ओळीने वीस सारखी उत्तरं दिसली की ती कुणासाठीच नाहीत हे उघड होतं. कौतुकाला लाइक पुरतो. शब्द प्रश्नांसाठी राखून ठेवा.

दोन फॉलोअर आपापसांत छान बोलत असतील तर मध्ये नाक खुपसू नका. एकाने दुसऱ्याला बरोबर उत्तर दिलं असेल तर तेच उत्तर स्वतःच्या नावाने पुन्हा लिहिण्याऐवजी ‘अगदी बरोबर सांगितलंत’ म्हणा आणि ती कमेंट पिन करा. इन्स्टाग्रामवर एका पोस्टखाली तीनपर्यंत कमेंट पिन होतात, युट्यूबवर एक. आपली कमेंट वर लागलेली पाहून माणूस पुढच्या वेळी आणखी काळजीपूर्वक लिहितो, असा माझा अनुभव आहे.

उत्तर माहीत नसेल तर ‘बघून सांगते’ म्हणा आणि खरंच बघून सांगा. दोन दिवसांनी सांगितलेलंही चालतं. वाऱ्यावर सोडलेलं ‘बघून सांगते’ मात्र लोकांच्या चांगलं लक्षात राहतं.

४. तुम्हीही विचारा, आणि उत्तरांचं काहीतरी करा

पोस्टच्या शेवटी ‘तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये नक्की सांगा’ असं लिहून कुणी काही सांगत नाही. प्रश्न इतका छोटा हवा की उभ्या उभ्या उत्तर देता यावं, आणि उत्तर ज्याचं त्याचं वेगळं हवं. ‘आकाशाबद्दल तुमचं मत?’ हा प्रश्न वाया जातो. ‘तुमच्या खिडकीतून ध्रुवतारा दिसतो, की समोर भिंत येते?’ याला लोक धडाधड उत्तरं देतात, भिंतींच्या फोटोसकट.

मग त्या उत्तरांवर पुढची पोस्ट करा. ‘गेल्या आठवड्यात बऱ्याच जणांनी भिंत आडवी येते असं लिहिलं, अशांनी उत्तर दिशा सोडून काय पाहावं ते बघू या.’ आपण लिहिलेलं कुठेतरी पोचतंय हे लोकांना दिसायला हवं. दुतर्फा संवाद म्हणून जो काही जड शब्द वापरतात, तो प्रत्यक्षात एवढाच असतो. जे विचारून घेतलं ते वापरायचंच नसेल तर विचारू नका. नुसत्या कमेंटचा आकडा फुगवण्यासाठी विचारलेले प्रश्न तिसऱ्या-चौथ्या वेळी ओळखू येतात.

फॉलोअरने पाठवलेला फोटो किंवा इनबॉक्समधला किस्सा वापरायचा असेल तर आधी विचारा: ‘पेजवर टाकू का? नाव कसं लिहू?’ होकार लेखी घ्या, डीएममधला चालतो. काही जणांना नाव हवं असतं, काहींना अजिबात नको असतं. फोटोत लहान मूल असेल तर आई-वडिलांच्या परवानगीशिवाय तो टाकायचाच नाही.

५. दुरुस्ती, तक्रार, राग आणि ट्रोल

नवखी माणसं या चौघांना एकाच मापाने मोजतात आणि मग चांगल्या माणसाला ब्लॉक करून बसतात.

दुरुस्ती. ‘तुम्ही दिलेली तारीख चुकली आहे’ असं कुणी लिहिलं तर आधी तपासा. बरोबर असेल तर पोस्ट सुधारा, शेवटी ‘दुरुस्ती:’ अशी ओळ घाला आणि सांगणाऱ्याचं नाव घेऊन आभार माना. गुपचूप बदल करू नका. खालची कमेंट मग वेड्यासारखी दिसते आणि चूक दाखवणाराच खोटा पडतो. एक्सवर एडिटची सोय फक्त पैसे भरणाऱ्यांना आहे. बाकीच्यांनी मूळ पोस्टलाच रिप्लाय करून दुरुस्ती द्यावी.

अडचणीची कमेंट किंवा पोस्ट उडवून टाकायचा मोह होतो. त्याचं काय होतं याचं प्रसिद्ध उदाहरण २००३चं आहे. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी किनाऱ्यावरच्या आपल्या घराचा एक हवाई फोटो काढून टाकावा म्हणून दावा लावला. तोवर तो फोटो अवघ्या सहा वेळा डाउनलोड झाला होता आणि त्यातलेही दोन डाउनलोड त्यांच्याच वकिलांचे होते. दाव्याची बातमी पसरली आणि महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक तो फोटो बघायला आले. झाकायला गेल्यावर जास्तच बोभाटा होण्याला २००५पासून ‘स्ट्रायसँड इफेक्ट’ म्हणतात. पेजवर हेच छोट्या प्रमाणात घडतं: कमेंट उडवली की अर्ध्या तासात तिचा स्क्रीनशॉट दुसरीकडे फिरतो, वर ‘बघा, हे प्रश्न सहन करत नाहीत’ अशी ओळ लावून.

तक्रार. पहिलं उत्तर सगळ्यांसमोर द्या: ‘हे व्हायला नको होतं, तपशील डीएम करा, बघते.’ पुढचं बोलणं डीएममध्ये. फोन नंबर, पत्ता, पावती क्रमांक उघड्यावर मागू नका. सापळा असा आहे, की तुमचं नाव आणि फोटो लावलेली नकली खाती नेमक्या अशाच तक्रारींवर टपून असतात. ‘आम्हाला इथे मेसेज करा’ म्हणतात आणि फॉलोअरला लुबाडतात. ‘आमच्याकडून ओटीपी किंवा पैसे कधीही मागितले जात नाहीत’ ही ओळ म्हणूनच पिन केलेल्या नियमांत हवी.

राग. म्हणजे तुमचा राग. १९९५च्या त्याच नियमावलीत लिहिलंय, की भावनेच्या भरात द्यायचं उत्तर एक रात्र थांबून पाठवा. मी यात एक भर घालते: ते उत्तर कमेंटच्या चौकटीत टाइप करूच नका, फोनच्या नोट्समध्ये करा. बोट घसरतं. सकाळी वाचल्यावर त्यातली शेवटची तीन वाक्यं बहुधा आपणहून गळतात.

एक गोष्ट मात्र सकाळीसुद्धा करू नका. एखाद्या साध्या माणसाची मूर्ख कमेंट उचलून, कोट-पोस्ट करून आपल्या सगळ्या फॉलोअरांसमोर टाकायची नाही. त्याचे फॉलोअर साठ, तुमचे साठ हजार. तुम्ही फक्त एक खोचक वाक्य लिहिलंत, असं तुम्हाला वाटतं. त्या माणसाच्या फोनवर मात्र रात्रभर अनोळखी लोकांच्या शिव्या येत राहतात. मुद्दा महत्त्वाचा वाटला तर नाव काढून तेवढा मुद्दा लिहा. डीएमचे स्क्रीनशॉट चव्हाट्यावर आणणंही याच जातीचं. धमकी असेल तर गोष्ट वेगळी.

ट्रोल. त्याला उत्तर नको असतं, तमाशा हवा असतो. एकदा सभ्य उत्तर द्या. तो पुन्हा त्याच सुरात आला तर थांबा आणि हत्यारं वापरा. प्रत्येक ॲपमध्ये त्यांचा परिणाम वेगळा आहे, तो माहीत असू द्या. फेसबुकवर कमेंट ‘हाइड’ केली की ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, इतरांना नाही. इन्स्टाग्रामवर २०१९पासून ‘रिस्ट्रिक्ट’ आहे. त्या माणसाच्या नव्या कमेंट तुम्ही मंजूर केल्याशिवाय फक्त त्यालाच दिसतात आणि आपल्याला रिस्ट्रिक्ट केलंय हे त्याला कळवलं जात नाही. एक्सवर लपवलेला रिप्लाय खरं तर लपत नाही, पोस्टवरचं चिन्ह दाबून कुणीही तो वाचू शकतं. ब्लॉक केल्यावर ‘केलं बरं का ब्लॉक’ अशी पोस्ट टाकू नका, त्यालाही तेवढंच हवं असतं.

धमकी, लैंगिक छळ किंवा पत्ता जाहीर करण्याचा प्रकार झाला तर वाद घालत बसू नका. खात्याचं नाव, तारीख आणि लिंक दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, रिपोर्ट करा आणि पोलिसांकडे जा. मजकूर उडण्याआधी स्क्रीनशॉट हवा, फोल्डर त्यासाठीच.

६. दुसऱ्याचं घेताना

‘फोटो: गूगल’ याला श्रेय देणं म्हणत नाहीत. गूगल शोधून देतं, फोटो कुणीतरी दुसऱ्याने काढलेला असतो. त्याला शोधा, विचारा, नाव टाका. सापडला नाही तर दुसरा फोटो वापरा. कोपऱ्यातलं नाव कापून टाकणं ही उघड चोरी आहे.

माहितीचंही तेच. ‘येत्या ऑगस्टमध्ये मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचं मूळ २००३चं. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता, जवळजवळ ६० हजार वर्षांतला सगळ्यात जवळ. ७५ पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीतून मंगळ पाहिला तर तो नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पूर्णचंद्राएवढा दिसेल, असं मूळ ईमेलमध्ये होतं. पुढे दुर्बीण गळाली आणि चंद्राएवढा मंगळ तेवढा उरला. ‘आलं तसं पुढे पाठवलं’ ही सबब घरच्या ग्रुपवर कदाचित खपेल, पेजवर नाही. आणि असा मेसेज फॉलोअरनेच कमेंटमध्ये डकवला तर त्याची टिंगल न करता ही गोष्ट सांगा. लोकांना ती आवडते.

७. पैसे घेतले असतील तर सांगा

जाहिरातीचे पैसे, फुकट मिळालेली वस्तू, सवलत, सगळं यात आलं. बऱ्याच देशांत हे जाहीर करणं नियमाने बंधनकारक आहे. ‘पेड पार्टनरशिप’चं लेबल लावा आणि पहिल्या ओळीतच सांगा, तेविसाव्या हॅशटॅगमध्ये लपवू नका. प्रश्न आले तर तेवढ्याच मोकळेपणाने उत्तरं द्या.

८. सगळ्यांना वाचता येईल असं लिहा

ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं असे वाचक स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात. फोटोला ‘ऑल्ट टेक्स्ट’, म्हणजे फोटोत काय आहे त्याचं वर्णन, लिहा: ‘सुंदर दृश्य’ असं नको, ‘डोंगरामागे चंद्रकोर, डावीकडे खाली एक ठळक ग्रह’ असं. व्हिडिओला सबटायटल द्या. नक्षीदार फॉन्टमधली रोमन अक्षरं स्क्रीन रीडर धड वाचू शकत नाही.

हॅशटॅगची कल्पना ख्रिस मेसिना यांनी २३ ऑगस्ट २००७ रोजी ट्विटरवर सुचवली, ती गटागटाची चर्चा शोधता यावी म्हणून. हे काम दोन-तीन हॅशटॅगांत होतं. मराठीत दोन शब्दांमध्ये जागा सोडली की हॅशटॅग तिथेच तुटतो, तेव्हा मध्ये अंडरस्कोअर घाला: #तारे_ओळखा. पोस्ट झाल्यावर तो शेवटपर्यंत निळा झालाय ना, तेही बघा.

९. सुट्टी आणि एकाहून जास्त ॲडमिन

रोज उत्तरं देऊन माणूस थकतो. आठवडाभर बंद राहायचं असेल तर तशी पोस्ट पिन करा, इनबॉक्सला आपोआप जाणाऱ्या उत्तरात परत येण्याची तारीख घाला आणि शेड्यूलवरच्या पोस्टही थांबवा. पोस्ट येत राहिल्या आणि उत्तरं मात्र बंद झाली, तर लोक ती सुट्टी मानत नाहीत.

दोघं-तिघं मिळून पेज चालवत असाल तर प्रत्येकाने उत्तराखाली आद्याक्षर लिहावं, म्हणजे ‘काल तुम्हीच तर हो म्हणालात’ या वादात कुणाला विचारायचं ते कळतं. पासवर्ड वाटत बसू नका. जिथे सोय आहे तिथे प्रत्येकाला वेगळा ॲक्सेस द्या. आणि कुणी काम सोडलं तर त्याच दिवशी त्याचा ॲक्सेस काढा, अगदी हसतखेळत सोडलं असलं तरी.